पावडर की लिक्विड? आधी टाकीतलं पाणी बघा

ताई, तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत एकदा मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. पुण्याबाहेरची नवीन सोसायटी, पाणी थोडं बोअरचं आणि थोडं टँकरचं. सात किलोचं फ्रंट लोड मशीन. पावडर वापरायचात तेव्हा काळ्या लेगिंगवर, गडद निळ्या टी-शर्टवर पांढरे ओरखडे राहायचे, म्हणून लिक्विडवर आलात. ओरखडे गेले, पण चार महिन्यांत मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट कळकट झाले, टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक झाले आणि मशीनचं दार उघडलं की कुबट वास येतो. सासूबाई म्हणतात पावडरशिवाय मळ निघत नाही. शेजारच्या म्हणतात मशीनला लिक्विडच लागतं. ऐकायचं कोणाचं?

दोघींचंही ऐका. सासूबाईंचं पांढऱ्या कपड्यांपुरतं, शेजारणींचं काळ्या कपड्यांपुरतं. मात्र तुमच्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या आहेत, आणि पाण्याचं अजून कोणी नावच काढलेलं नाही. म्हणून सुरुवात तिथून करू.

माझी लाँड्री आहे, सव्वीस वर्षं झाली. त्याआधी तीन वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होतो. आजोबा परीट. त्यांच्याकडे पावडरही नव्हती आणि लिक्विडही नव्हतं. धुण्याचा सोडा, साबणाच्या वड्या, रेशमाला रिठा, पांढऱ्याला नीळ, एवढ्यावर अख्ख्या आळीचे कपडे निघायचे. भट्टी लावायच्या आधी आजोबा साबण हातावर चोळून बघायचे. फेस पटकन झाला तर ठीक, हाताला चिकट साय आली तर सोडा मूठभर जास्त. त्या मूठभर सोड्यात आजच्या पावडरचं अर्धं शास्त्र आहे.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो, परीक्षेपुरतं. दुष्फेन, म्हणजेच जड पाणी, ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेत ते. सुफेन म्हणजे मऊ. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांमधल्या माणसाला हा त्रास कळतच नाही. बोअर मात्र काळ्या पाषाणातून येतो, पाणी वर्षानुवर्षं त्या फटींमध्ये मुरलेलं असतं, आणि येताना क्षार घेऊन येतं. सोलापूरकडच्या, मराठवाड्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. त्यांच्या गिझरची कॉइलच सगळं सांगते.

तुमचं पाणी किती जड आहे हे घरी बघायचं असेल तर रिकामी पारदर्शक बाटली घ्या. अर्धी पाण्याने भरा. त्यात आंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका. धुण्याची वडी नको, ती बहुतेक डिटर्जंटची असते, त्याने काही कळणार नाही. झाकण लावून दहा-पंधरा वेळा जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस जेमतेम आणि पाणी ताकासारखं गढूळ, वर पांढऱ्या गुठळ्या, तर पाणी जड. त्याहून सोपी खूण स्वयंपाकघरात आहे. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाणा दाणा राहते का? तेच पाणी मशीनमध्ये जातंय.

पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. तुमचं ५०० धरा. बोअरसाठी हा आकडा काही अचाट नाही. फ्रंट लोड एका धुण्याला, विसळण्यासकट, साधारण ५० लिटर पाणी घेतं. म्हणजे दर धुण्याला २५ ग्रॅम क्षार तुमच्या ड्रममधून फिरून जातो. दोन मोठे चमचे चुन्याची भुकटी कपड्यांवर टाकल्यासारखंच झालं ते. सगळा राहत नाही, पण जो राहतो तो टॉवेलात राहतो. टॉवेल पुठ्ठ्यासारखे का झाले, त्याचं मुख्य कारण हे. त्यात कपडे मऊ करायला तुम्ही नंतर जे कंडिशनर ओतायला लागलात त्याने टॉवेल वरवर हाताला मऊ लागतो, पण टॉवेल पाणी टिपेनासा होतो. कंडिशनर धाग्यावर मेणासारखा थर देतं. टॉवेलला, नॅपकिनला आणि पुसायच्या मायक्रोफायबर कापडाला कंडिशनर कधीच नको.

आता पावडर आणि लिक्विड आत काय करतात ते बघू, कारण त्यावरच सगळी निवड आहे.

पावडरीत मळ सोडवणारं द्रव्य असतं तसा भरपूर धुण्याचा सोडा असतो. सोडा दोन कामं करतो. एक, पाणी अल्कधर्मी करतो, त्यामुळे घामाचा चिकटपणा, तेलकटपणा आणि माती सुटते. दोन, पाण्यातला कॅल्शियम पकडून खाली बसवतो. हिशोब सोपा आहे: मुख्य धुण्यात मशीन १५ लिटर पाणी घेतं असं धरलं तर ५०० च्या पाण्यात साडेसात ग्रॅम क्षार आला, आणि तो बसवायला जवळपास आठ ग्रॅम सोडा खर्च झाला. तुम्ही एकच चमचा पावडर टाकत असाल तर तिच्यातला सगळा सोडा पाण्याशी लढण्यातच संपतो, मळापर्यंत काही पोचतच नाही. आजोबांची जास्तीची मूठ ती हीच. बऱ्या पावडरींमध्ये झिओलाइट नावाचं खनिजही असतं, ते कॅल्शियम स्वतःत ओढून घेतं. पण ते पाण्यात विरघळत नाही, बारीक पिठासारखं तरंगत राहतं. हे लक्षात ठेवा, तुमच्या काळ्या लेगिंगकडे येताना लागेल.

पावडरीचा तिसरा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. कोरड्या पावडरीत ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, टिकून राहतं. पाण्यात पडलं की ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, आणि चहा, फळं, भाज्या यांचे डाग फिकट करतं. लिक्विडमध्ये ते घालता येत नाही, बाटलीतच मरून जातं. पांढऱ्यासाठी मी पावडर सांगतो ती यासाठी. मात्र प्रत्येक पावडरीत ते असतंच असं नाही. स्वस्त पावडरीत नसतंच. पाकिटावर ऑक्सिजन ब्लीच किंवा परकार्बोनेट लिहिलंय का बघा. नसेल तर त्याची वेगळी भुकटी मिळते, चमचाभर पुरते. आणि हे ब्लीच थंड पाण्यात झोपलेलं असतं. ४० अंशांवर जागं होतं, ६० वर पळायला लागतं.

लिक्विडमध्ये अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. त्यात मळ सोडवणाऱ्या द्रव्यांचा वाटा असतो, शिवाय एन्झाइम, म्हणजे डाग तोडणारी विकरं. सोडा नाही, म्हणून ते पावडरीपेक्षा सौम्य. ताज्या तेलाच्या डागावर, कॉलरच्या काळ्या रेघेवर थेट चोळता येतं. थंड पाण्यात लगेच मिसळतं, काही उरत नाही. त्यातली बरीच द्रव्यं जड पाण्यालाही फारशी घाबरत नाहीत, म्हणजे तेलकटपणा काढतील. पण पाण्यातला कॅल्शियम तसाच मोकळा फिरत राहतो. सुटलेला मळ त्याच्या मदतीने पुन्हा कपड्यावर जाऊन बसतो, रोज थोडा थोडा. एका धुण्यात दिसत नाही. चार महिन्यांनी नवा शर्ट जुन्याशेजारी ठेवलात की दिसतो. तुमच्या मुलाच्या शर्टाचं हेच झालंय.

आता ओरखडे. ते दोन प्रकारचे असतात आणि उपाय उलटे आहेत, म्हणून आधी ओळखायला हवं. वाळलेल्या लेगिंगवरच्या एका पांढऱ्या पट्ट्यावर साधं पाणी लावून चोळा आणि वाळू द्या. दुसऱ्या पट्ट्यावर लिंबाचा रस किंवा साधं पांढरं व्हिनेगर एक थेंब लावा, दोन मिनिटांनी धुवा. पाण्याने गेला तर ती न विरघळलेली पावडर किंवा तो झिओलाइटचा पिठूळपणा आहे. पाण्याने हलला नाही आणि आंबटाने गेला तर तो क्षार आहे, बोअरचा.

माझा अंदाज, तुमचं पहिलंच निघेल. कारण तुम्ही लिहिलंय की रोज ३० मिनिटांचा क्विक प्रोग्रॅम लावता, थंड पाण्यात, आणि ड्रम भरून. पावडरीला विरघळायला वेळ नाही, ऊब नाही, कपड्यांना हलायला जागा नाही, वर विसळणंही त्यात कमीच. अशा धुण्यात जगातली सगळ्यात महाग पावडरसुद्धा लेगिंगच्या घडीत पांढरी बसून राहील. क्विक प्रोग्रॅम हा एकदा घातलेल्या, घामाने नुसत्या ओलसर झालेल्या दोन-तीन किलो कपड्यांसाठी असतो. ड्रम भरल्यावर वरून तळहात आडवा आत गेला पाहिजे, नाही गेला तर दोन कपडे काढा. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की आता आमचा पोऱ्या तळहात दाखवूनच बोलतो.

अजून एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. बादलीची पावडर आणि मशीनची पावडर यांत पावडर-लिक्विडपेक्षा मोठा फरक आहे. बादलीच्या पावडरीला फेस मुद्दाम जास्त दिलेला असतो, कारण हाताने धुणाऱ्याला फेस दिसला की समाधान वाटतं. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून निघतात, धोपटण्यासारखं. आत फेसाची गादी झाली की आपटणंच बंद. मशीन फेस ओळखून जास्तीचं पाणी घेतं, वेळ वाढवतं, तरी शेवटी साबण राहतोच. म्हणून पाकिटावर ‘मॅटिक, फ्रंट लोड’ असं असलेलीच घ्या. टॉप लोडची वेगळी येते. चालू धुण्यात काचेतून बघा: कपड्यांवर फेस खेळताना दिसावा, काच पांढरी झाकली जाऊ नये. झाकली गेली तर पुढच्या वेळी माप कमी.

कुबट वासाचं सांगतो. आमच्या ओळखीचा मशीन दुरुस्त करणारा कारागीर एकदा एक ड्रम सोडवून माझ्याकडे घेऊन आला, नुसता दाखवायला. त्या घरी सात वर्षं लिक्विड, कंडिशनर आणि थंड पाणी, दुसरं काही नाही. ड्रमच्या मागे बोटभर जाडीचा राखाडी थर, हात लावला तर लोण्यासारखा. लिक्विड, कंडिशनर, कपड्यांचा तेलकट मळ आणि कापसाची लव हे सगळं थंड पाण्यात वाहून न जाता तिथे साचतं. त्यावर बुरशी येते. दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवून बघा, काळं निघेल. लिक्विडचा हा दोष नाही, लिक्विड जास्त ओतण्याचा आणि कधीच गरम पाणी न वापरण्याचा आहे. महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून ६० अंशांवर किंवा ड्रम क्लीनवर ऑक्सिजन ब्लीच असलेली पावडर टाकून चालवा. पहिल्यांदा दोनदा लागेल. रबराची घडी रोज फडक्याने पुसा आणि दार किलकिलं ठेवा. लहान मूल घरात असेल तर दाराकडे लक्ष.

हळदीचं वेगळं सांगावं लागेल, कारण मराठी घरात डाग म्हटलं की आधी हळद. वरणभात सांडलेल्या शर्टाला पावडर किंवा साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो, अजून पावडर चोळतो. लाल होणं हे सोड्याचं काम आहे. हळदीतला कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लाल दिसतो, विसळलं की पुन्हा पिवळा. शाळेत हळदीचा कागद करून हाच प्रयोग करतात. कपडा बिघडलेला नसतो. वरणाच्या डागात तेल आणि हळद दोन्ही असतात. आधी तेलासाठी लिक्विड थेट डागावर चोळून दहा मिनिटं ठेवा, विसळा. मग नेहमीचं धुणं. उरलेली पिवळी झाक उन्हात घाला. कर्क्युमिन उन्हापुढे टिकत नाही. दोन दुपारच्या उन्हांत जे होतं ते कुठल्याही बाटलीतल्या औषधाने होत नाही. फक्त डाग सूर्याकडे करून वाळत घाला, आणि तो पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका.

बाकी डागांबद्दल थोडक्यात. रक्त असेल तर थंड पाणी आणि एन्झाइम असलेलं काहीही. गरम पाण्याने ते शिजतं आणि कायमचं बसतं. शेतातली किंवा मैदानावरची माती असेल तर पावडर, आणि आधी वाळू द्या, झटका, मग भिजवा. कॉलर आणि बाह्यांची कड लिक्विडने चोळा, जुन्या टूथब्रशने. तुमच्या लिक्विडच्या बाटलीला वरच घासायचा खरखरीत भाग असेल तर तो त्यासाठीच आहे.

एका गोष्टीत मात्र पावडर-लिक्विड दोन्ही बाजूला ठेवा, आणि ती म्हणजे लोखंडाचे डाग. हा धडा मी पैसे भरून शिकलो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं म्हणून एक महिना टँकर घेतला. पाणी दिसायला स्वच्छ. एका दवाखान्याचे पांढरे ॲप्रन होते, साठेक. जरा पिवळट वाटले म्हणून नेहमीचं क्लोरीनचं ब्लीच टाकलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्यांवर गंजासारखे तांबूस ठिपके. पाण्यात विरघळलेलं लोह होतं, ब्लीचने त्याचा गंज करून कापडावरच बसवला. निम्मे ॲप्रन ऑक्झॅलिक ॲसिडने वाचवले. ते विषारी असतं, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. निम्म्यांचे पैसे भरून दिले. तुमच्याकडे बादलीच्या तळाशी किंवा कमोडमध्ये तांबूस रेघ येत असेल तर क्लोरीनचं ब्लीच घरात आणूच नका. गंजाच्या ठिपक्याला लिंबूफूल, म्हणजे वाण्याकडचं सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात करून लावायचं. पण ब्लीच आणि कुठलंही आंबट एकत्र येऊ द्यायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तर नाहीच.

माप आणि पैसे. बाटली आणि पाकीट यांच्या किमतीची तुलना करून काही कळत नाही. आपल्या मापाने किती धुणी निघतात ते मोजा आणि किंमत त्याने भागा. माझ्या मापात जड पाण्याला, पाच-सहा किलो मध्यम मळक्या कपड्यांना, फ्रंट लोडची पावडर ६० ग्रॅमच्या आसपास लागते, मऊ पाण्याला ४० पुरते. लिक्विड ५० मिली. पाकिटावरचा आकडा त्या मालाचा असतो, आधी तो बघा, मग आपल्या पाण्याप्रमाणे वर-खाली करा. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पावडर मोजून चमच्यावर खूण करून ठेवा. बहुतेक घरांत लिक्विड टोपणभर ओततात, आणि टोपणावरची रेघ कोणी बघत नाही. पावडरीतही सगळं कामाचंच असतं असं समजू नका. तिच्यात सोडियम सल्फेट नुसती भर म्हणून असतं. आणि निळे-हिरवे दाणे बघून भुलू नका.

भरीवरून आठवलं. १९५९ मध्ये सर्फ आलं तेव्हा पावडर ही श्रीमंताघरची गोष्ट होती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी पिवळी निरमा सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली, किंमत अगदी थोडी, आणि पावडर घराघरांत गेली. त्या काळातल्या स्वस्त पावडरींत सोड्याचा भर असायचा. कपडा निघायचा झकास, हात मात्र फाटायचे. माझ्या आजीच्या बोटांच्या पेरांना पावसाळाभर चिरा असायच्या. हे सांगतोय कारण तुमच्याकडे काही कपडे मावशी हाताने धुतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना मशीनची पावडर देऊ नका, आणि बादलीच्या पावडरीपेक्षा लिक्विड दिलंत तर त्यांच्या हातांना बरं पडेल. थोडं महाग जाईल, जाऊ दे.

रेशीम आणि लोकरीला वर सांगितलेल्यातलं काहीच नको. दोन्ही प्राण्यापासूनचे धागे, म्हणजे प्रथिन. मळातलं प्रथिन तोडणारं एन्झाइम त्या धाग्यालाही सोडत नाही, आणि सोड्याने रेशमाची चमक जाते. त्यांच्यासाठी तटस्थ लिक्विड वेगळं मिळतं, ईझीसारखं. रिठ्याचं पाणीही उत्तम. पैठणी घरी धुवायच्या भानगडीत पडू नका, ती ड्रायक्लीनलाच द्या. हे मी धंदा वाढावा म्हणून सांगत नाही. जरीच्या काठाचं पाणी पदरावर उतरलेलं बघितलंय, म्हणून सांगतोय.

अजून एक बारकी गोष्ट. पावडर असो की लिक्विड, बहुतेकांत ‘ऑप्टिकल ब्राइटनर’ असतं. ते मळ काढत नाही, उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत फेकतं, म्हणून पांढरं जास्त पांढरं दिसतं. नीळ जे काम करायची त्याचीच ही पुढची पिढी. पांढऱ्याला छान. पण खादीचा हस्तिदंती कुर्ता किंवा कोऱ्या सुताचा झब्बा त्यात दोन-चारदा धुतला की त्याचा मूळ रंगच बदलतो. तो झब्बा ब्राइटनर नसलेल्या सौम्य लिक्विडमध्ये, वेगळा.

तर तुमच्यासाठी माझं सांगणं असं. घरात दोन्ही ठेवा. एक छोटं पाकीट फ्रंट लोडच्या पावडरीचं, ऑक्सिजन ब्लीच असलेलं, आणि एक लिक्विडचा पाउच. आठवड्यातून दोनदा पांढरे शर्ट, बनियन, चादरी, टॉवेल पावडरीत, कॉटनच्या लांब प्रोग्रॅमवर, ४० अंशांवर. हीटर पाणी हळूहळू तापवतो ते चांगलंच असतं, आधी एन्झाइम काम करतात आणि मग ब्लीच. पावडर ड्रॉवरमध्ये अडकत असेल तर मग्गाभर कोमट पाण्यात कालवून ड्रॉवरमध्ये ओता, पण उकळतं पाणी घेऊ नका, एन्झाइम तिथेच मरतात. बाकी दिवशी काळे, रंगीत, जिमचे, सिंथेटिक कपडे लिक्विडमध्ये, थंड पाण्यात, उलटे करून. ड्रॉवरमध्ये दोन नंबरच्या कप्प्यात ओता. एक नंबर प्रीवॉशचा, फुलाचं चिन्ह कंडिशनरचं. आणि रात्री टाइमर लावून सकाळी धुणं सुरू करायची सवय असेल तर त्या दिवशी पावडर वापरा. लिक्विड तोपर्यंत झिरपून खाली निघून गेलेलं असतं.

मशीनमध्ये टाकायच्या लिक्विडच्या कॅप्सूलचं विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. सोयीची आहेत, पण माप ठरलेलं असतं, आणि तुमच्या पाण्याला माप वर-खाली करता यायला हवं. शिवाय ती गोळीसारखी रंगीत दिसतात आणि घरात लहान मूल आहे. नको.

पावसाळ्यात पावडरीला ओल लागून गठ्ठे होतात, आतलं ब्लीचही मंदावतं. जून ते सप्टेंबर छोटी पाकिटं आणा आणि घट्ट डब्यात ठेवा. मशीनच्या वर उघडं पाकीट ठेवायची सवय सोडा.

आणि टॉवेल टाकून देऊ नका. १५ लिटर कोमट पाण्याच्या बादलीत तीन-चार मोठे चमचे लिंबूफूल विरघळवा, टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवा. रंगीत असतील तर आधी एक कोपरा भिजवून बघा. पाणी गढूळ होईल, तो तुमचा बोअर आहे. चांगले दोनदा विसळा, मग पावडरीत ४० अंशांवर धुवा, कंडिशनर न घालता, आणि दांडीवर घालायच्या आधी दोन्ही हातांनी जोरात झटका. पहिल्या वेळी थोडे मऊ होतील. तिसऱ्या धुण्यानंतर अंग पुसून बघा आणि मला कळवा, बाटलीतल्या पाण्याचं काय निघालं तेही.